खांद्यापर्यंत आलेला हात

मे महिन्यातली दुपार. नागपुरातल्या एका वस्तीच्या समाजभवनात बचत गटाची बैठक चालू होती. कूलर घरघरत होता, पंधरा-सोळा जणी सतरंजीवर बसलेल्या. विषय होता पाण्याच्या टँकरची वेळ. बैठक मी घेत होते. कोपऱ्यातल्या एका ताईंचा हात खांद्यापर्यंत वर आला, तिथे जरासा थबकला आणि डोक्यावरचा पदर सारखा करून खाली गेला. माझं तोंड तिकडेच होतं, तरी मला तो दिसला नाही. सोबतच्या कार्यकर्तीने नंतर सांगितलं, तेव्हा कळलं.

समोरचं दिसत कसं नाही? डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शाब्री या मानसशास्त्रज्ञांचा 1999 चा प्रयोग याच प्रश्नाचा आहे. चित्रफितीत काही जण एकमेकांकडे चेंडू टाकतात. प्रेक्षकांनी एका संघाचे पास मोजायचे. मध्येच गोरिलाचा वेष घातलेली व्यक्ती चालत येते, छाती बडवते आणि निघून जाते. जवळपास निम्म्या लोकांना ती दिसलीच नाही. अनुभवी माणसाचं असं होणार नाही, असं वाटेल. पण 2013 मध्ये फुप्फुसांच्या सीटी स्कॅनमध्ये गोरिलाचं छोटं चित्र लपवून 24 रेडिओलॉजिस्टना गाठी शोधायला सांगितलं, तेव्हा 20 जणांच्या ते लक्षात आलं नाही. त्यातल्या बऱ्याच जणांची नजर थेट त्या चित्रावर पडलेली होती. डोळे पोचतात, लक्ष दुसऱ्या कामाला जुंपलेलं असतं.

बैठक घेणाऱ्याचं लक्ष जुंपलेलं असतं ते स्वतःच्या पुढच्या प्रश्नाला. संभाषणात एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत सरासरी 200 मिलिसेकंद जातात. दहा भाषांचा अभ्यास 2009 मध्ये झाला, त्यात हे दिसलं. आणि एक साधा शब्द मनात जुळवून उच्चारायलाच सुमारे 600 मिलिसेकंद लागतात. म्हणजे समोरची व्यक्ती बोलत असतानाच आपण आपलं वाक्य रचायला घेतलेलं असतं. यात आळस नाही की अनास्था नाही. मेंदूची घडणच तशी. मला हे कळलं तेव्हा फार हलकं वाटलं. कारण घडण ठाऊक असली की तिच्यासाठी जागा करता येते.

जागा म्हणजे तीन सेकंद. मेरी बड रो या अमेरिकन संशोधक शाळांमधल्या तासांची ध्वनिमुद्रणं ऐकत बसत. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात, असं त्यांना आढळलं. ही वेळ तीन सेकंदांवर नेली की मुलांची उत्तरं लांबली, आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली.

तीन सेकंद ऐकायला थोडे वाटतात. पण भरल्या बैठकीत ते अंगावर येतात, घसा खाकरावासा वाटतो, कागदाकडे हात जातो.

पुढच्या बैठकीत मी प्रश्नांचा कागद सतरंजीखाली सरकवला आणि दहा मिनिटं कूलर बंद करायला सांगितला. हळू बोलणाऱ्या बाईचा आवाज त्या घरघरीत विरून जातो. सगळ्यांना घाम फुटला. मी विचारलं, मनातल्या मनात तीन अंक मोजले, मग पुन्हा तीन. कोपऱ्यातला हात पदराकडे निघाला.

"बोला ना ताई," मी म्हटलं.

"टँकर दोन वाजता येते जी," त्या म्हणाल्या, "अन् मी त्या टायमाला धुण्याभांड्याच्या कामावर राहते."

आणखी चौघींनी माना हलवल्या.