चाळणीतला हिरा

हिरा पाण्यापेक्षा साडेतीनपट जड असतो आणि वाळूतली साधी गारगोटी सुमारे 2.65 पट. एवढ्याशा फरकावर पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओन देशाच्या कोनो जिल्ह्यातला मजूर पोट भरतो. गुडघाभर पाण्यात ओणवा होऊन तो गोल चाळण गरगर फिरवतो, मध्येच हिसका देतो. जड खडे मधोमध तळाशी गोळा होतात. मग चाळण काठावर पालथी घालायची. तळाचे खडे वर येतात, आणि हिरा असलाच तर तो ढिगाच्या ऐन माथ्यावर चमकतो. फावडं, घमेलं आणि चाळण एवढ्यावर ही खाण चालते.

या देशातली यादवी समजून घ्यायची, तर माझ्या मते या चाळणीपासूनच सुरुवात करायला हवी.

हिरे जमिनीखाली दीडशे किलोमीटर किंवा त्याहूनही खोल तयार होतात. किंबरलाइट खडकाचा वितळलेला रस उसळून वर येतो, त्याच्याबरोबर तेही येतात. कोनोतल्या कोइदू गावाजवळचा हा खडक 14 ते 15 कोटी वर्षांपूर्वीचा आहे. पावसापाण्याने त्याचा माथा झिजला, हिरे सुटे झाले आणि नद्यांनी ते हजारो चौरस किलोमीटरवर विखरून टाकले. बोट्स्वानातले बहुतेक हिरे मात्र अजून मूळ खडकातच आहेत. ते काढायला अवाढव्य यंत्रं आणि प्रचंड भांडवल लागतं, खाणीला कुंपण घालता येतं, सरकारला आपला वाटा मोजून घेता येतो. नदीकाठच्या हिऱ्यांना कुंपण कुठून घालणार? तिथे मजुरांच्या मागे बंदूक घेऊन उभा राहील तो मालक. संशोधक पैवी लुयाला आणि सहकाऱ्यांनी 2005 साली अनेक देशांची आकडेवारी तपासली, तेव्हा यादवीचा संबंध अशा नदीतल्या हिऱ्यांशीच दिसला, खडकातल्या हिऱ्यांशी नाही.

पण दोष एकट्या मातीवर टाकणं अन्यायाचं होईल. 1970 मध्ये सिएरा लिओनमधून अधिकृतपणे सुमारे 20 लाख कॅरट हिरे बाहेर गेले, 1988 मध्ये अवघे 48 हजार. हिरे संपले नव्हते. राष्ट्राध्यक्ष सियाका स्टीव्हन्स यांच्या राजवटीत सत्तेच्या जवळच्यांनी हा धंदा चोरवाटेने वळवला होता. शाळा ओस पडल्या, पगार थकले, तरुण रिकामे झाले. युद्धानंतर नेमलेल्या सत्यशोधन आयोगानेही मूळ दोष भ्रष्टाचाराला आणि कुशासनालाच दिला.

मार्च 1991 मध्ये फोडे सांको याचे बंडखोर शेजारच्या लायबेरियातून आत शिरले. पाठीशी तिथला बंडखोर नेता आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला चार्ल्स टेलर होता. लायबेरियाची स्वतःची कुवत वर्षाला लाख-दीड लाख कॅरटची, पण 1994 ते 1998 या काळात बेल्जियममध्ये तिथून आल्याची नोंद झालेले हिरे होते 3 कोटी कॅरटहून जास्त. त्यात सिएरा लिओनचा चोरटा मालही होता. त्याच पैशातून बंडखोरांना शस्त्रं मिळत होती.

त्या शस्त्रांनी काय केलं, ते लिहिताना हात जड होतो. 1996 ची निवडणूक मोडायची म्हणून बंडखोरांनी माणसांचे हातच तोडले. बाही लांब हवी की आखूड, असं विचारायचे. लांब म्हणजे मनगटापासून, आखूड म्हणजे कोपराच्या वरून. दोन्ही हात गेलेल्या शेतकऱ्याला कुदळ धरता येत नाही, घास तोंडात घालता येत नाही, सदऱ्याचं बटण लावता येत नाही. तो जिवंत आहे, म्हणून मृतांच्या आकड्यात दिसत नाही. तो आकडा सुमारे 50 हजार सांगतात. वीस लाखांवर लोकांना घरदार सोडावं लागलं. हजारो मुलांच्या हाती बंदुका दिल्या गेल्या.

आणि सरकार व बंडखोरांमधल्या 1999 च्या लोमे शांतता करारात याच सांकोला माफी मिळाली, वर देशाच्या खनिज आयोगाचं अध्यक्षपदही. मला या साऱ्या इतिहासातलं हे पान सर्वांत असह्य वाटतं. वर्षभरात करार मोडला. युद्ध संपलं 2002 मध्ये.

2003 पासून, बंडखोरांचे हिरे बाजारात येऊ नयेत म्हणून देशादेशांनी ठरवलेल्या किंबर्ली प्रक्रियेनुसार कच्च्या हिऱ्यांसोबत सरकारी प्रमाणपत्र लागतं. जगातल्या दर दहातल्या नऊ हिऱ्यांना पैलू भारतात पडतात, मुख्यतः सुरतेत. त्यांचा मोठा व्यापार मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलात चालतो. पैलू पाडलेला हिरा भिंगाखाली धरला, तरी तो कोणत्या नदीतला हे त्याच्यावरून खात्रीने सांगता येत नाही. ते सांगणारा एकच पुरावा असतो, सोबतचा कागद. आणि किंबर्लीचं प्रमाणपत्र कच्च्या मालापुरतंच असतं.