थेरपी कन्नडमध्ये, घर मराठीत

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर किंवा निपाणीकडच्या मराठी घरात डाउन सिंड्रोमचं बाळ जन्मलं, की आई-बाबांपुढे दोन प्रश्न येतात. थेरपी कुठे मिळणार आणि कुठल्या भाषेत? दुसऱ्या प्रश्नाचं मूळ १ नोव्हेंबर १९५६ मध्ये आहे. त्या दिवशी बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेलं. मतिमंद मुलांच्या शिक्षणाचं मराठीतलं काम मात्र मुंबईत ‘जय वकील’ (१९४४) आणि पुण्यात ‘कामायनी’ (१९६४) या शाळांत उभं राहिलं. सीमाभागातलं मूल त्या वाटेपासून बाजूलाच पडलं.

२१व्या गुणसूत्राची जादा प्रत हे डाउन सिंड्रोमचं कारण १९५९ मध्ये कळलं. तरी खेड्यात कित्येक वर्षं ‘देवाचं लेकरू’ म्हणायचं आणि शाळेत घालायचं नाही, असंच चाले. मायेच्या नावाखाली हातच झटकले जात, दुसरं काय!

१९९५ च्या अपंग कायद्याने अठराव्या वर्षापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. २०१६ च्या कायद्याने तो शेजारच्या नेहमीच्या शाळेतही पक्का केला. कर्नाटकात ग्रामपंचायत पातळीवर पुनर्वसन कार्यकर्ते आहेत, प्रमाणपत्र-पेन्शनच्या धावपळीत त्यांचीच मदत होते.

थेरपी मात्र वर्षानुवर्षांची. स्नायू सैल असल्याने मान धरणं, बसणं, चालणं सगळंच उशिरा. स्ट्रॉने ताक प्यायला लावायचं, ओठांना वळण लागतं. परातीतले शेंगदाणे चिमटीने वेचायला द्यायचे, पुढे पेन्सिल धरायची तयारी तिथेच होते. फक्त मूल शेंगदाणे तोंडात घालणार नाही, एवढी नजर ठेवायची. सोबत हृदय, थायरॉइड आणि कान यांची तपासणी टाळायची नाही.

खरी गोची बोलण्याची. थेरपिस्ट कन्नडमध्ये शिकवतात, आजी मराठीत बोलते. मग कुणीतरी सांगतं, “एकच भाषा ठेवा, पोर गोंधळेल.” हा सल्ला जुना झाला. कॅनडातल्या २००५ च्या अभ्यासात दोन भाषांत वाढणारी डाउन मुलं इंग्रजीत एकभाषिक डाउन मुलांपेक्षा मागे नव्हती. तेव्हा घरची मराठी बंद करायचं कारण नाही. भजनात टाळ धरायचा, गणपतीच्या आरतीत उभं राहायचं, चुलत भावंडांत भांडायचं, तर तीच भाषा लागते. आणि बाजारात, बसमध्ये, पुढे कामावर कन्नडही लागणारच.

अठरा पूर्ण झाल्यावर १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हास्तरीय समितीकडे कायदेशीर पालकत्वाचा अर्ज करता येतो. ही समिती महाराष्ट्रातली नाही, राहत्या जिल्ह्यातली.