वाडीच्या बैठकीला अधिकार कुठून आला?

ग्रामपंचायत अधिनियमात वाडी समिती नावाची संस्था नाही. तरीही रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगडच्या किनारपट्टीवर पाखाडी (दगडी पायवाट) कुठून न्यायची, पाण्याची टाकी कुणाच्या कातळावर बसवायची, पऱ्यावर म्हणजे ओढ्यावर साकव (लहान पूल) हवा की मोरी, हे आधी वाडीच्या बैठकीत ठरते आणि मग ग्रामसभेच्या इतिवृत्तात येते. या बैठकीला सल्लागार म्हणून कायद्यात जागा द्यावी, असे म्हणणारे आहेत आणि त्याला ठाम विरोध करणारेही आहेत. दोन्ही बाजूंचे म्हणणे कळायचे तर मागचे थोडे पाहावे लागते.

फार मागे जाण्याचे कारण नाही. खोत सारा गोळा करी आणि देवस्थानाचे मानकरी गावकी, म्हणजे गावाचा पारंपरिक कारभार, चालवत. तंटा देवळात जाई, कौल लागे, गाऱ्हाणे होई. खोतीविरोधी विधेयक १९३७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात मांडले. खोती प्रत्यक्षात गेली १९४९ च्या कायद्याने. महसुलाची सत्ता गेली तरी मानापानाची उतरंड राहिली. गावाच्या टोकाला ज्यांची घरे होती, त्यांना देवळाच्या सभामंडपात बसायला जागा नव्हती, आणि आजच्या वाडी बैठकीचे मूळ शोधताना ही गोष्ट झाकून चालणार नाही. गावकीकडून बैठकीला एकमताची सवय मिळाली, तशी वाळीत टाकण्याचीही मिळाली. रायगडमधली बहिष्काराची प्रकरणे गाजली आणि सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा कायदा आला, त्यामागे हीच सवय होती.

१९५८ च्या अधिनियमाने पंचायतीला आजचे रूप दिले, १९९३ मध्ये ७३ वी घटनादुरुस्ती लागू झाली आणि नेमलेल्या मुदतीत निवडणुका होऊ लागल्या. पण मूळ अडचण कायद्याने मोजमाप कशाचे केले, यात आहे. सहाशे ते पंधराशे वस्तीच्या गावाला पंचायतीचे सदस्य ७, तीन हजारांपर्यंत ९, आणि असे वाढत १७ पर्यंत. एका प्रभागातून दोन किंवा तीन सदस्य. म्हणजे सात सदस्यांच्या पंचायतीत प्रभाग तीन, आणि त्या गावात वाड्या दहा-बारा. लोकसंख्येचा हिशेब जुळवण्यासाठी तीन-चार वाड्या एका प्रभागात घातल्या जातात. त्यांच्या मध्ये कधी डोंगर असतो, कधी पावसाळ्यात दुथडी भरून वाहणारा वहाळ. जिथे घरे जास्त, त्या वाडीचा माणूस निवडून येतो. पंधरा-वीस घरांच्या वाडीला वर्षानुवर्षे स्वतःचा सदस्यच मिळत नाही. गट ग्रामपंचायत असेल तर आणखी लांबचे गाव जोडलेले.

देशावर गावठाण एका ठिकाणी असते, तिथे प्रभाग आणि वस्ती यांची फारकत एवढी जाणवत नाही. कोकणात ती रोज जाणवते. सरकारलाही हे ठाऊक आहे. उन्हाळ्यात टँकरचा तक्ता निघतो, त्यात गावे आणि वाड्या असे दोन वेगळे रकाने असतात. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटर पाऊस पडूनही जांभ्यात पाणी ठरत नाही आणि एप्रिल-मेमध्ये टँकर गावाला नव्हे, वाडीला लागतो, म्हणून. तहान मोजताना वाडी धरायची आणि प्रतिनिधित्व देताना सोडायची, ही विसंगती अजून कायम आहे.

शहरांबद्दल थोडक्यात. ७४ व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या आल्या, पण त्या तीन लाख वा अधिक लोकसंख्येच्या शहरांसाठी. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी शहर एक लाखाच्याही आत होते. चिपळूण, मालवण, वेंगुर्ले, अलिबाग त्याहून लहान. त्यामुळे किनाऱ्यावरच्या नगरपरिषदांत मोहल्ला, आळी, पेठ यांचे काम आजही मंडळांवर आणि ओळखीवर चालते.

गावात मात्र समित्यांचा तुटवडा कधीच नव्हता. अधिनियमाच्या कलम ४९ मध्ये ग्रामविकास समित्या आहेत, पाण्यासाठी पाणीपुरवठा व स्वच्छता समिती आहे, २००७ पासून तंटामुक्त गाव समिती आली, शाळेची व्यवस्थापन समिती वेगळी. प्रत्येक योजनेने आपली समिती आणली आणि बहुतेक गावांत तीच पाच-सात नावे सगळीकडे लागली. या समित्या गावपातळीवरच्या. वाडीचा निरोप त्यांच्यापर्यंत पोचवायला पुन्हा वाडीची बैठकच लागली.

ही बैठक भरते कशी, ते पाहण्यासारखे आहे. रात्री जेवणे आटोपली की देवळाच्या सभामंडपात किंवा अंगणवाडीच्या ओट्यावर सतरंजी पडते. वहीत तारीख, हजर माणसांची नावे, मग मागच्या वर्गणीचा हिशेब. हात वर करून मतदान होत नाही. एक घर अडून बसले तर विषय पुढच्या बैठकीवर जातो, आणि मधल्या दिवसांत दोघे-तिघे त्या घरी जाऊन बसतात. बाहेरच्या माणसाला हा वेळकाढूपणा वाटेल, पण खरे काम याच दिवसांत होते. बायका अजूनही बऱ्याच ठिकाणी खांबाला टेकून, कडेला असतात. पंचायतीत २०११ पासून निम्म्या जागा त्यांच्या, ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावी असे कायदा सांगतो, पण वाडीच्या वहीत त्यांच्या सह्या दिसू लागल्या त्या मुख्यतः बचतगटांमुळे.

या कामात सर्वांत किचकट असते ती जमीन. वाडीची पाखाडी रुंद करून गाडीरस्ता करायचा, तर जागा खासगी. सातबाऱ्यावर सामाईक वीस-पंचवीस नावे, त्यातली निम्मी माणसे विरार-डोंबिवलीला, काही वारलेली आणि वारसनोंद झालेली नाही. निधी खर्ची पडायचा तर पंचायतीकडे संमतीपत्र किंवा बक्षीसपत्र हवे, रस्ता पंचायतीच्या रस्त्यांच्या नोंदवहीत (नमुना २३) लागलेला हवा. ग्रामसेवक एकटा पंचवीस हिस्सेदार कुठे शोधणार? ते शोधते वाडी. मुंबईत राहणाऱ्या वाडीकरांच्या मंडळाची सभा रविवारी लागते, कुणाच्या आंब्याच्या कलमाला धक्का लागू नये म्हणून आखणी हातभर सरकते, आणि सह्या जमतात. जिथे वाडीत फूट आहे, तिथे मंजूर निधी मार्चअखेर परत जातो. याची उदाहरणे प्रत्येक तालुक्यात आहेत.

ग्रामसभेने हे काम का होत नाही, याचे उत्तर गणपूर्तीत आहे. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांतला जो आकडा कमी असेल तेवढी हजेरी हवी. ती भरली नाही की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. मतदारयादीतली कितीतरी नावे मुंबईत, भरतीच्या मासेमारीच्या दिवसांत माणसे होडीवर. म्हणून तहकूब सभा हीच नेहमीची सभा झाली आहे, आणि तिथे मोजक्या माणसांसमोर झालेल्या ठरावापेक्षा वाडीच्या वहीतल्या सह्या अनेकदा जास्त असतात.

इथपर्यंत वाडी समितीची बाजू भक्कम आहे. तिची परीक्षा झाली २०२० मध्ये.

मार्चअखेर टाळेबंदी लागली आणि मे महिन्यापासून चाकरमानी, म्हणजे नोकरीसाठी मुंबईला गेलेले गावकरी, मोठ्या संख्येने गावी येऊ लागले. सरकारी आदेशाने गावोगाव कृती दले झाली, त्यांत सरपंच, तलाठी, ग्रामसेवक, पोलीस पाटील, आशा कार्यकर्त्या. पण शाळेत विलगीकरणात बसलेल्यांना पेज-भाकरी कोण देणार, संडासाला पाणी कोण भरणार, हे वाड्यांनी निभावले. ३ जूनला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. घरांचे पत्रे उडाले, माडाच्या आणि पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, तेव्हा पंचनाम्यांच्या याद्याही याच माणसांनी घरोघर फिरून केल्या.

मग जुलै उजाडला. गणपती २२ ऑगस्टला. विलगीकरण चौदा दिवसांचे, म्हणजे सात-आठ ऑगस्टच्या आत गाव गाठायला हवे. अनेक वाड्यांनी तसे ठराव केले. काहींनी दंड लावला, काहींनी या वर्षी येऊच नका असे कळवले. ऑगस्टच्या सुरुवातीला सरकारने चौदाचे दहा दिवस केले आणि १२ ऑगस्टपर्यंत येणाऱ्यांसाठी एसटीची सोय केली. उशिरा येणाऱ्यांना चाचणीची अट होती. आता सरकारचा दहा आणि वाडीचा चौदा, असे दोन नियम समोरासमोर आले.

वाडीचे म्हणणे साधे होते. घरात सत्तरीचे आईवडील, प्राथमिक आरोग्य केंद्र दहा-पंधरा किलोमीटरवर, तिथे ऑक्सिजनची शाश्वती नाही. सरकारने मुंबईतून आकडा कमी केला, पण माणूस दगावला तर खांदा वाडी देणार. मुंबईकरांचे म्हणणेही तितकेच खरे होते. घरपट्टी आम्ही भरतो, सातबाऱ्यावर आमचे नाव, देऊळ आमच्या वर्गणीतून उभे राहिले, आणि आमच्याच घराला आम्हाला अटकाव करणारे तुम्ही कोण? कायद्याने पाहिले तर साथरोग आणि आपत्ती व्यवस्थापन कायद्यांखालचे अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे होते. कृती दलाला देखरेख करायची होती. वाडी समितीला तर तेवढेही नव्हते.

माझ्या मते चौदा दिवसांचा आग्रह धरणे वाडीचा हक्क होता, दंड लावणे नव्हता. सल्ला आणि हुकूम यांतली सीमा तिथे ओलांडली गेली. दंड न भरणाऱ्याच्या घरी आरतीला जाऊ नये असे जिथे ठरले, तिथे तर जुन्या वाळीत टाकण्याचीच पुनरावृत्ती झाली, मग कारण कितीही चांगले असो. अशा गोष्टी घडल्या नाहीत असे म्हणणाऱ्यांनी वाडीचे भले केलेले नाही. आज कायद्यात जागा देण्याला जे विरोध करतात, ते हेच वर्ष पुढे करतात. माझ्या लेखी तो युक्तिवाद उलटा पडतो. वाडीला तेव्हा चौकट असती, तिच्या ठरावाला मर्यादा आखून दिलेली असती, इतिवृत्ताची प्रत तहसीलला जात असती, तर दंडाचा ठराव दुसऱ्याच दिवशी रद्द करता आला असता. चौकट नव्हती म्हणून तक्रार करायची तरी कुणाविरुद्ध, हेच कळत नव्हते.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. कोकणात याचा अर्थ बहुतेक प्रत्येक गावातल्या दोन-तीन वाड्या. ठराव ग्रामसभेचा लागतो, पण नवे नाव काय असावे हे त्या वाडीनेच सांगायला हवे, आणि बाहेरून सुचवलेली नावे जिथे लादली गेली तिथे पाटीवर एक आणि तोंडी दुसरे असे चालू आहे.

पुढच्या दोन आपत्तींनी वाडीचा मुद्दा वेगळ्या रीतीने पुढे आणला. जुलै २०२१ मध्ये महाड तालुक्यातील तळीये येथे दरड एका वाडीवर आली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडी गाडली गेली, आणि दरडप्रवण ठिकाणांच्या यादीत तिचे नाव नव्हते, असे सरकारनेच विधिमंडळात सांगितले. दोन्ही ठिकाणे किनाऱ्यापासून आत आहेत, पण किनाऱ्यावरच्या डोंगरउतारावर वसलेल्या वाड्यांनी त्यानंतर स्वतःहून पंचायतींना पत्रे दिली: कुठे भेग पडली, कुठल्या झऱ्याचे पाणी गढूळ झाले, कुठले झाड कलले. अशा पत्राची नोंद घेणे आज पंचायतीवर बंधनकारक नाही.

सध्याची मागणी म्हणूनच मर्यादित आहे. ग्रामसभेच्या आठवडाभर आधी वाडीची सभा व्हावी, तिचे इतिवृत्त ग्रामसभेपुढे वाचले जावे, निम्म्या सह्या बायकांच्या असाव्यात, आणि वाडीच्या सल्ल्याविरुद्ध निर्णय झाला तर कारण लिहून द्यावे. दंड, वर्गणीची सक्ती, प्रवेशबंदी यांतले काहीही तिच्या हाती नसावे. पंचायतींच्या सदस्यांचा विरोध आहे तो निवडून आम्ही आलो आणि जाब वाडीला का द्यायचा, या मुद्द्यावर. दुसरा वाद मुंबईकरांच्या सहीचा आहे. ज्याचे मतदान बोरिवलीत आणि जमीन वाडीत, त्याने जमिनीपुरते बोलावे की सगळ्यावर, यावर वाड्यांमध्येच अजून एकमत झालेले नाही.