शेवटचा दगड कुणाकडे? आनेट नोरबर्गच्या दोन सुवर्णपदकांची पार्श्वभूमी

कर्लिंग म्हणजे बर्फावरून दगड सरकवण्याचा खेळ. त्यात दहा एंड, म्हणजे डाव, खेळले जातात, पण चुरशीचा सामना बहुतेकदा शेवटच्या दगडावरच ठरतो. स्वीडनची स्किप, म्हणजे संघाची कर्णधार, आनेट नोरबर्ग हिने एक ऑलिंपिक सुवर्ण शेवटचा दगड स्वतः टाकून जिंकलं. दुसऱ्या वेळी तो दगड प्रतिस्पर्ध्याकडे होता, तरीही सुवर्ण तिचंच.

स्वीडनमध्ये हा खेळ स्कॉटिश वंशाच्या विल्यम मॅकफी याने 1846 मध्ये उड्डेवाला इथे नेला. 1924 च्या शामोनी ऑलिंपिकमध्ये स्वीडनच्या पुरुषांना रौप्य मिळालं. महिलांचं कर्लिंग ऑलिंपिकमध्ये यायला मात्र 1998 उजाडलं. त्या काळात स्वीडिश महिला कर्लिंगवर उमेओच्या एलिझाबेथ गुस्ताफसनचा दबदबा होता. पेशाने सर्जन असलेल्या या स्किपने 1992, 1995, 1998 आणि 1999 अशी चार जागतिक विजेतेपदं जिंकली. हेर्नेसांडच्या नोरबर्गने 1988 मध्येच युरोपियन विजेतेपद मिळवलं होतं, पण तिचा खरा काळ सुरू झाला तो 2001 नंतर. 2001 ते 2005 सलग पाच युरोपियन विजेतेपदं, 2005 मध्ये पेस्लीला जागतिक सुवर्ण. संघात ईवा लुंड, सख्खी बहीण कॅथरीन लिंडाल आणि ॲना स्वेर्ड. नोरबर्ग स्वतः ॲक्च्युअरी, म्हणजे विमा कंपनीत जोखमीची गणितं मांडणारी. तिच्या खेळाशी या पेशाचा संबंध फार ताणू नये, पण तो मनात येतोच.

प्रत्येक एंडला दोन्ही संघ आठ-आठ दगड टाकतात. एक दगड जवळपास 20 किलोचा. शेवटच्या दगडाला हॅमर म्हणतात. ज्या संघाने गुण घेतले, त्याच्या समोरच्या संघाला पुढच्या एंडला हॅमर मिळतो. कोणालाच गुण नाही मिळाला, तर तो आहे तिथेच राहतो. म्हणून हॅमर असलेला संघ एकाच गुणावर समाधान मानण्याऐवजी हाउस, म्हणजे ज्यात राहिलेल्या दगडांना गुण मिळू शकतात ते बर्फावरचं वर्तुळ, मुद्दाम रिकामं करतो आणि पुढच्या एंडला दोन गुणांची वाट पाहतो. हॅमर नसताना मिळवलेला गुण म्हणजे चोरी, आणि ती सर्वात महाग पडते.

2006 च्या ऑलिंपिकमध्ये, पिनेरोलोला झालेल्या अंतिम सामन्यात, मिर्याम ओटच्या स्वित्झर्लंडने दहाव्या एंडला 6-6 अशी बरोबरी साधली. अकराव्या, जादा एंडला हॅमर स्वीडनकडे होता. नोरबर्गने शेवटच्या दगडावर दुहेरी टेकआउट केला, म्हणजे समोरच्यांचे दोन दगड एकाच फटक्यात बाहेर काढले, आणि सामना 7-6 असा जिंकला.

दुहेरी टेकआउटची अडचण भूमितीची आहे. टाकलेला दगड पहिल्या दगडाच्या कडेला लागतो. ठोकलेला एका दिशेला सुटतो आणि टाकलेला त्या दिशेशी साधारण काटकोन करून दुसऱ्यावर जातो. जाड, म्हणजे फार मधोमध लागला तर त्याचा वेग तिथेच संपतो. फार पातळ लागला तर पहिला दगड हाउसमध्येच उरतो आणि टाकलेला दुसऱ्याच्या बाजूने निघून जातो. चूक काही सेंटिमीटरचीच असते. शिवाय सामन्याच्या अखेरीस बर्फावरचे गोठलेले थेंब, ज्यांना पेबल म्हणतात, झिजलेले असतात. त्यामुळे सुरुवातीच्या एंडांत दगड किती वळत होता यावर विसंबता येत नाही. स्वीपर, म्हणजे दगडापुढचा बर्फ ब्रशने घासणारे खेळाडू, दगड सरळ ठेवू शकतात, पण हातातून चुकीच्या रेषेवर सुटलेला दगड फारसा सावरता येत नाही.

26 फेब्रुवारी 2010 ला व्हँकुव्हर ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात हीच भूमिती समोरच्या संघाच्या वाट्याला आली. कॅनडाची चेरिल बर्नार्ड दहाव्या एंडला 6-4 ने पुढे, हॅमरही तिच्याकडेच. नोरबर्गच्या संघाने हाउसमध्ये दगड साचवले. बर्नार्डच्या शेवटच्या दगडाला ते साफ करता आले नाहीत आणि स्वीडनने दोन गुण चोरले. 6-6. गुण स्वीडनला गेल्यामुळे नियमानुसार जादा एंडचा हॅमर पुन्हा कॅनडाकडे आला. तिथे बर्नार्डला दुहेरी टेकआउट हवा होता, पण एकच दगड गेला. स्वीडन 7-6. ऑलिंपिकचं कर्लिंग सुवर्ण राखणारी नोरबर्ग ही पहिली स्किप.

बर्नार्डवर तेव्हा टीका झाली, ती अर्धवटच होती. शेवटच्या दगडासाठी सोपा फटका शिल्लकच न ठेवणं हे आधीचे पंधरा दगड टाकतानाचं काम, आणि स्वीडनने ते लागोपाठ दोन एंड केलं.

नोरबर्गचा जुना संघ व्हँकुव्हरनंतर विखुरला. तिने सेसिलिया ओस्टलुंड, सारा कार्लसन आणि लिसेलोट्टा लेनार्टसन या बऱ्याच तरुण खेळाडूंना घेतलं आणि 2011 मध्ये, वयाच्या 44 व्या वर्षी, एस्ब्येर्गला तिसरं जागतिक सुवर्ण जिंकलं. 2013 मध्ये ती निवृत्त झाली. स्वीडिश महिलांचं पुढचं ऑलिंपिक सुवर्ण 2018 मध्ये ॲना हासेलबोर्गच्या संघाने जिंकलं, तेही कोरियाविरुद्ध 8-3 असं आरामात, जादा एंडाची गरज न पडता.