बोर्डला कोटिंगआधीचं मास्किंग, यामागची गोष्ट

इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्डला दमटपणा आणि हवेतल्या वायूंपासून वाचवायला वरून पातळ थराचं कोटिंग मारतात, त्यावर जास्त सांगत बसत नाही. मास्किंगचं बोलू, म्हणजे कनेक्टरसारख्या जिथे कोटिंग लागू नये त्या जागा आधी झाकून घेणं, कारण त्याचा इतिहास कुणी लिहीत नाही.

मास्किंगची टेप मुळात बोर्डसाठी निघालीच नव्हती. १९२५ च्या आसपास अमेरिकेत मोटारींना दोन रंग मारायची फॅशन आली, मधली रेघ सरळ यायला हवी आणि पट्टी काढताना खालचा रंग उपटायला नको, म्हणून क्रेप कागदाची टेप आली. इलेक्ट्रॉनिक्सने ती उसनी घेतली. पुढे १९७२ मध्ये अमेरिकन लष्कराच्या कोटिंगच्या स्पेसिफिकेशनची नवी आवृत्ती आली, जिच्यात ॲक्रिलिक, इपॉक्सी, सिलिकॉन, युरेथेन, पॅरिलीन हे पाच प्रकार आणि त्यांची जाडी, टेस्ट वगैरे सगळं होतं. जगभर पुढे तीच विभागणी चालली. मास्किंगला मात्र ड्रॉइंगच्या कोपऱ्यात एक ओळ मिळायची, कनेक्टरवर कोटिंग नको, बस. कसं, किती अंतर सोडून, कशाने, ते फ्लोरवरच्यांनी बघायचं. आजही बऱ्याच ड्रॉइंगवर एवढंच असतं.

बडोद्यात हे काम आलं ते मोटर-ट्रान्सफॉर्मरवाल्यांच्या हातून. वाइंडिंगला वार्निश करणारी माणसं होतीच, तोच ब्रश आणि तोच डबा बोर्डलाही चालायचा, आणि जिथे लागू नये तिथे कागदी टेप. खरी गरज वाढली ती कोयली आणि नंदेसरीच्या रिफायनरी-केमिकलच्या पट्ट्यात कंट्रोल पॅनेल जायला लागली तेव्हा. हवेत हायड्रोजन सल्फाइड, वर पावसाळ्यातला दमटपणा, म्हणजे उघडं तांबं आणि चांदी काळी पडणारच. मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या छोट्या युनिटांत मग मास्किंगचं वेगळं टेबल आलं आणि तिथे बहुतेक बायकाच बसायच्या, टेपचे तुकडे कापून ठेवायचे, टूथपिकने कडा दाबायच्या. हे कौशल्याचं काम आहे हे पगाराच्या कागदावर कधी दिसलं नाही ते वेगळं.

टेपची भानगड दोन ठिकाणी होती. बोर्डवर सीमॉस आयसी, म्हणजे स्टॅटिकने पटकन मरणाऱ्या चिपा, वाढल्या आणि टेप झटकन ओढली की हजारो व्होल्टची स्टॅटिक तयार होते हे महागात पडायला लागलं. दुसरं म्हणजे पिवळी पॉलिइमाइड टेप, गरम ओव्हनमध्ये टिकते खरी, पण तिचा गोंद सहसा सिलिकॉनचा, तो मागे राहिला तर त्या जागी ॲक्रिलिक धरतच नाही, माशाच्या डोळ्यासारखी भोकं पडतात. म्हणून लॅटेक्स आला, बाटलीतून थेंब टाकायचा, सुकला की चिमट्याने सोलायचा. नैसर्गिक लॅटेक्समध्ये अमोनिया असतो आणि अमोनिया तांब्या-पितळेला चांगला नाही, त्यामुळे मग कमी अमोनियाचे आणि सिंथेटिक प्रकार आले. पॅरिलीनवाल्यांचं दुखणं आणखी वेगळं, ते वाफेतून बसतं, फटीत शिरतं, तिथे जरा ढिली टेप म्हणजे कनेक्टर गेलाच.

आता मुद्द्याची गोष्ट. सिलेक्टिव्ह कोटिंगची मशीनं आली तेव्हा सगळ्यांना वाटलं मास्किंगचा खर्च गेला, नॉझल जिथे नको तिथे जाणारच नाही, टेबल उचला. कागदावर बरोबर. पण पातळ कोटिंग कनेक्टरच्या पायांमधून केशाकर्षणाने आत ओढलं जातं, ते टाळायला प्रोग्राम करणारे दोन-तीन मिलिमीटर आधीच थांबायला लागले, आणि ड्रॉइंगवरचा कनेक्टरभोवतीचा कोरा, म्हणजे कोटिंग नसलेला पट्टा हळूहळू रुंद होत गेला. त्या पट्ट्यात असतं काय तर कनेक्टरच्या पिनांचे सोल्डर जॉइंट आणि शेजारचे व्हिया (बोर्डचे थर जोडणारी बारीक भोकं), म्हणजे गॅसला सगळ्यात आधी सापडणारी जागा. हा निर्णय कुणी मीटिंगमध्ये घेतला असं नाही, डिझाइनवाले म्हणतात प्रोसेसने मागितलं, प्रोसेसवाले म्हणतात डिझाइनने मंजूर केलं, आणि क्वालिटीवाल्यांच्या हातात ड्रॉइंग असतं त्यात पट्टा कोरा दाखवलेला, म्हणून बोर्ड पास. माझं मत विचाराल तर इथे पैसे वाचले नाहीत, ते फक्त फील्ड सर्व्हिसच्या, म्हणजे गिऱ्हाइकाकडे जाऊन दुरुस्ती करण्याच्या खात्यात गेले.

त्यात जुलै २००६ पासून युरोपने इलेक्ट्रॉनिक्समधल्या शिशावर बंदी आणली. शिसं गेलं तसं बोर्डच्या फिनिशमध्ये इमर्शन सिल्व्हर (तांब्याच्या पॅडवर चांदीचा पातळ थर) वाढलं, आणि गंधकाच्या हवेत त्यावर तांब्याचं सल्फाइड रांगत एका पॅडवरून दुसऱ्या पॅडवर जातं. आधी जो कोरा पट्टा चालून जायचा तो आता चालेना. सिलिकॉन कोटिंग जाड मारून बघितलं काही जणांनी, पण सिलिकॉनमधून सल्फाइड वायू आरामात आत जातो, त्यामुळे तो उपाय नव्हता.

मग मास्किंग मागच्या दाराने परत आलं. कनेक्टरच्या मापाचे सिलिकॉन रबरचे बूट, म्हणजे टोप्या, जे धुऊन परत वापरता येतात, नाहीतर आधी घट्ट जेलचा बांध घालायचा आणि मग पातळ कोटिंग त्याला टेकवायचं. कोटिंगचं काम बाहेर देताना कोटेशनमध्ये बोर्डच्या क्षेत्रफळापेक्षा मास्किंगचे पॉइंट किती यावर भाव ठरतो, आणि परचेसवाले घासाघीस करतात तीही नेमकी त्याच आकड्यावर.