जुन्या निगेटिव्हवरून कॉन्टॅक्ट प्रिंट : डबा घेऊन येण्यापूर्वी

गणपतीसाठी बंद घर उघडलं, झाडलोट करताना माळ्यावरचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा खाली आला आणि आत निगेटिव्हच्या पट्ट्या निघाल्या. असं सांगत दर वर्षी बरीच गिऱ्हाइकं आमच्या मालवणच्या दुकानात येतात. प्रश्न दोनच असतात : यात कोणाकोणाचे फोटो आहेत, आणि पाच दिवसांचं विसर्जन व्हायच्या आत मिळतील का? पहिल्याचं उत्तर कॉन्टॅक्ट प्रिंट देते. दुसऱ्याचं खाली दिलं आहे, ते तुम्हाला आवडेलच असं नाही.

त्याआधी एक कळकळीची विनंती. निगेटिव्ह ओल्या फडक्याने पुसू नका. चित्र बसलेलं असतं ते जिलेटिनच्या थरात, आणि आपल्याकडच्या पावसाळी हवेतली बुरशी नेमकं तेच खाते. बुरशीने खाल्लेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं. आजीचा चेहरा डोळ्यांदेखत फडक्याला लागलेला आम्ही पाहिला आहे. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटकलीत तर हरकत नाही. एकमेकींना चिकटलेल्या पट्ट्या ओढून सोडवू नका, तशाच आणा. डब्याला आंबल्यासारखा, व्हिनेगरचा वास येत असेल तर फिल्मचा पायाच सडायला लागला आहे. अशा डब्याला गणपती नको नि दिवाळी नको, लगेच आणा.

कॉन्टॅक्ट म्हणजे काय

फोटोच्या कागदावर निगेटिव्ह थेट टेकवायची, वर काच दाबायची, काही सेकंद उजेड द्यायचा आणि कागद धुवून काढायचा. मध्ये भिंग नाही, म्हणून चित्र निगेटिव्हच्याच मापाचं येतं. ३५ मिमीच्या फिल्मवरचा एक फोटो २४ बाय ३६ मिलिमीटरचा, म्हणजे मोठ्या पोस्टाच्या तिकिटाएवढा. ३६ फोटोंचा रोल सहा-सहाच्या सहा पट्ट्यांत कापला की ८ बाय १० इंचांच्या एका कागदावर मावतो; हीच कॉन्टॅक्ट शीट. आग्फा क्लिक थ्री कॅमेरा घरोघरी होता त्या काळातल्या रोलचे फोटो ६ बाय ६ सेंटिमीटरचे असतात, बारा. ते भिंगाशिवायही नीट दिसतात.

पूर्वी वेगळा प्रकार नव्हताच, प्रिंट म्हणजे कॉन्टॅक्टच. व्हेलॉक्स नावाचा कागद १८९० च्या दशकात निघाला. तो उजेडाला इतका मंद होता की गॅसच्या दिव्याजवळ धरून छापता येई आणि दिवा बारीक करून त्याच खोलीत धुता येई. तो काढणाऱ्या लिओ बेकलंड या रसायनशास्त्रज्ञांनी तो १८९९ मध्ये ईस्टमन कोडॅकला विकला. बेकेलाइटचे काळे स्विच आठवतात ना? तेही त्यांचंच.

मोबाइलवर होत नाही का, असं विचारतात. होतं. पांढऱ्या स्क्रीनवर पट्टी धरून फोटो काढा आणि रंग उलटे करा. कोण आहे ते कळतं. एवढंच हवं असेल तर आमच्याकडे येऊन पैसे घालवू नका. कॉन्टॅक्ट शीट हवी ती अख्खा रोल ओळीने दिसावा म्हणून. कडेचे नंबरही छापून येतात, त्यामुळे रापण ओढतानाचा फोटो आधीचा की दशावतारातल्या राजाचा, हे पन्नास वर्षांनीही सांगता येतं. मोठा कुठला करायचा ते त्यावर लाल पेन्सिलीने खूण करून ठरवा.

“ह्यो काळो कित्याक इलो?”

हा काळा का आला? सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार ही. शीटवर सगळ्या फोटोंना उजेड एकाच वेळी, एकाच मापाने मिळतो. ज्या निगेटिव्हला कॅमेऱ्यात उजेड कमी मिळाला ती पातळ, जवळजवळ पारदर्शक राहते. तिच्यातून कागदावर भरपूर उजेड जातो आणि फोटो काळा होतो. दाट निगेटिव्हचं उलट, फोटो फिका येतो. म्हणजे निगेटिव्ह काळीकुट्ट दिसते म्हणून घाबरू नका, आणि स्वच्छ दिसते म्हणून खूश होऊ नका. दाट निगेटिव्हमधून मोठा प्रिंट करताना पुष्कळ काही बाहेर काढता येतं. पातळ निगेटिव्हच्या सावलीत जे टिपलंच गेलं नाही, ते आम्ही कुठून आणणार?

आतल्या खोलीत

कृष्णधवल कागदाला लाल उजेड दिसत नाही, म्हणून लाल बल्बखाली काम चालतं. निगेटिव्हची चमक नसलेली बाजू कागदाच्या चमकदार बाजूला टेकवायची. उलटी पडली तर कपाळावरचा केसांचा भांग दुसऱ्या बाजूला जातो आणि फोटोही पुसट येतो. आधी कागदाची एक पट्टी घेऊन तिच्यावर दोन, चार, सहा, आठ सेकंदांचे टप्पे पाडतो. शितावरून भाताची परीक्षा. फिल्मची रिकामी कड ज्या टप्प्याला पूर्ण काळी होते, तेवढाच वेळ शीटला द्यायचा, एक सेकंदही जास्त नाही.

मग डेव्हलपर (चित्र उमटवणारं द्रावण), ते थांबवणारं ॲसिडचं पाणी, हायपो (चित्र पक्कं करणारं द्रावण) आणि धुणं. डेव्हलपर २० अंशांचा लागतो. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी त्याहून कितीतरी गरम असतं आणि कागदावरचा थर मऊ पडतो, म्हणून ट्रे मोठ्या परातीत ठेवून भोवती मासळीबाजारातून आणलेला बर्फ घालतो. (तो बर्फ डेव्हलपरमध्ये पडत नाही. तुमचे फोटो बांगड्याच्या वासाचे येत नाहीत.) पावसाळ्यात विहिरीचं पाणी तांबडं होतं, तेव्हा दुहेरी कापडातून गाळून घेतो, लोहाचे डाग एकदा पडले की जात नाहीत.

आणखी एक पावसाळी भानगड. हवा दमट असली की गुळगुळीत काच आणि फिल्मची चकचकीत पाठ एकमेकींना चिकटतात आणि प्रिंटवर तेलाच्या थेंबासारखी वेढ्यावेढ्यांची नक्षी उमटते. यांना न्यूटनची कडी म्हणतात. शीटवर कुठे दिसली तर निगेटिव्ह बिघडली असं समजू नका. दाखवा, पुन्हा छापून देऊ.

रंगीत निगेटिव्ह

नारिंगी झाक असलेल्या या फिल्मवरून कृष्णधवल कागदावर कॉन्टॅक्ट निघते, पण मळकट. शिवाय कागद लाल रंगाला आंधळा असल्यामुळे नवरीचा लाल शालू काळा येतो. आमचा सल्ला : त्या स्कॅन करून घ्या.

कधी मिळेल

प्लॅस्टिकचा थर असलेल्या कागदावरची शीट चार-पाच मिनिटांत धुऊन होते. ती दोन दिवसांत देतो, गणपतीतही. जुन्या पद्धतीच्या, थर नसलेल्या कागदावर हवी असेल तर एक तास धुणं आणि भाद्रपदातल्या हवेत वाळवणं आलं. तो कागद वाळता वाळत नाही, घाईने वाळवला तर पापडासारखा वाकतो. चाकरमान्यांनी ते काम आमच्याकडे ठेवून जावं, दिवाळीला न्यावं. लाइट गेली तर इन्व्हर्टर आहे. दर काउंटरवरच्या पाटीवर लिहिले आहेत. निगेटिव्ह तुमच्यासमोर मोजून पावतीवर आकडा घालतो. तो पाहिल्याशिवाय दुकानातून निघू नका.

काचेच्या निगेटिव्ह

जुन्या घरांतून अजून निघतात. बहुतेक क्वार्टर प्लेट, म्हणजे सव्वातीन बाय सव्वाचार इंच, किंवा त्याहून मोठी हाफ प्लेट. कॉन्टॅक्टसाठी यांच्यासारखं दुसरं काही नाही; हाफ प्लेटचा प्रिंट तर तसाच फ्रेममध्ये लावता येतो. तडकलेली असली तरी टाकू नका, दुसऱ्या काचेवर ठेवून छापता येते. प्रत्येक काच वेगळ्या कागदात गुंडाळा आणि खोक्यात उभी ठेवा, आडव्या थप्पीत खालच्या काचा फुटतात. तडकलेली तेवढी आडवी, पुठ्ठ्यावर. एसटीने येणार असाल तर खोकं डिकीत टाकू नका, मांडीवर घ्या.

परत नेल्यावर डांबरगोळ्या आणि मऊ पीव्हीसीच्या पिशव्या टाळा. कोरडं कागदी पाकीट, घट्ट झाकणाचा डबा आणि आत सिलिका जेलची पुडी. निळे दाणे गुलाबी झाले की ते ओल पिऊन बसले समजा. तव्यावर मंद आचेवर पुन्हा निळे होईपर्यंत गरम करा, तो तवा मात्र भाकरीला वापरू नका. पहिली पुडी आम्ही शीटबरोबर देतो.