‘ॲसिडिटीच असेल’: हार्ट अटॅक उशिरा ओळखला जाण्यामागचा इतिहास

छातीत जड वाटतंय, दरदरून घाम फुटलाय, मळमळतंय. अशा वेळी आपल्या घरांत पहिलं वाक्य ऐकू येतं ते ‘गॅस झाला असेल, जरा सोडा घे’. मग ओवा, लिंबूपाणी, अँटासिडची गोळी. रात्र असली तर ‘सकाळी बघू’. याला नुसता हलगर्जीपणा म्हणून भागत नाही. हृदय आणि अन्ननलिका या दोन्हींकडून वेदना वाहून नेणाऱ्या नसा मज्जारज्जूच्या जवळपास त्याच भागात शिरतात. त्यामुळे दुखतंय नेमकं कुठे, हे मेंदूलाच धड कळत नाही. हृदयाची कळ जबड्यात, डाव्या हातात, पाठीत किंवा पोटाच्या वरच्या भागात जाणवते ती यामुळेच. ही गल्लत जुनी आहे आणि डॉक्टरांनीही ती पिढ्यान् पिढ्या केली आहे.

लंडनचे डॉक्टर विल्यम हेबर्डन यांनी १७६८ मध्ये वाचलेलं आणि १७७२ मध्ये छापून आलेलं टिपण हे अंजायनाचं, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडल्यामुळे छातीत उठणाऱ्या कळेचं, पहिलं नेटकं वर्णन मानलं जातं. चालताना, त्यातही चढावर आणि जेवणानंतर, छातीत आवळल्यासारखं होतं. उभं राहिलं की थांबतं. आजही ओपीडीत डॉक्टर हेच विचारतात. मात्र या दुखण्याचं मूळ हृदयाच्या धमन्यांत आहे, हे हेबर्डनना ठाऊक नव्हतं.

पुढची मोठी पायरी १९१२ सालची. शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी एका ५५ वर्षांच्या रुग्णाची हकिगत लिहिली. एरवी धडधाकट असलेला हा माणूस जेवला आणि तासाभरात छातीच्या खालच्या भागात जोराची कळ आली. काहीतरी खाण्यात आलं असं वाटून त्याने घशात बोट घालून उलटी काढली. तो ५२ तास जगला. शवविच्छेदनात हृदयाच्या डाव्या धमनीत गुठळी सापडली. धमनी अचानक बंद झाली की माणूस तिथल्या तिथे जातो, असा तेव्हाचा समज होता. हेरिक यांचं म्हणणं असं की माणूस जगू शकतो आणि त्याचा आजार तो जिवंत असताना ओळखताही येतो. सुरुवातीला त्याकडे कुणी फारसं लक्ष दिलं नाही. आइंथोव्हेन यांनी नेदरलँड्समध्ये घडवलेलं ईसीजीचं यंत्र रुग्णालयांत रुळलं, तेव्हा कुठे त्यांचं म्हणणं पटू लागलं.

तरीही १९५५ मध्ये, साक्षात अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या बाबतीत, तेच घडलं. २३ सप्टेंबरला डेन्व्हरमध्ये आयझेनहॉवर गोल्फ खेळले, दुपारी कच्चा कांदा घातलेला हॅम्बर्गर खाल्ला. त्यानंतर छातीत जळजळू लागलं तेव्हा खापर कांद्यावर फुटलं. मध्यरात्रीनंतर कळ वाढली, पत्नीने पोटाचं औषध दिलं. खासगी डॉक्टर आले, मॉर्फिन टोचलं. सकाळी पत्रकारांना सांगितलं गेलं की साहेबांचं पोट बिघडलंय. ईसीजी निघाला तो दुपारी, आणि त्यात हृदयविकाराचा मोठा झटका दिसला. पुढे हृदयरोगतज्ज्ञ पॉल डडली व्हाइट यांनी पत्रकारांसमोर आजार उघडपणे समजावून सांगितला. हृदयविकार हा विषय सामान्य घरांत बोलला जाऊ लागला, त्यात या घटनेचा मोठा वाटा आहे.

पण ईसीजी पहाटेच निघाला असता, तरी त्या काळी हातात होतं काय? विश्रांती, ऑक्सिजन, वेदनाशामक. लवकर ओळखण्याला आजचं मोल आलं ते फार नंतर. धमनीतली गुठळी झटक्याचं कारण की परिणाम, यावर १९७० च्या दशकातही वाद होता. १९८० मध्ये मार्कस डीवुड यांनी झटक्याच्या पहिल्या काही तासांतच अँजिओग्राफी करून दाखवलं की बहुतेकांची धमनी तेव्हा पूर्ण बंद असते. १९८६ मध्ये इटलीतल्या ११ हजारांहून अधिक रुग्णांवरच्या अभ्यासात स्ट्रेप्टोकायनेज या गुठळी विरघळवणाऱ्या औषधाचं इंजेक्शन पहिल्या तासात मिळालेल्यांचे मृत्यू जवळपास निम्म्याने घटले. सहा तासांनंतर मात्र ठळक फायदा दिसला नाही.

आता हा आकडा आपल्या देशातल्या आकड्याशेजारी ठेवून बघा. २००८ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या भारतीय नोंदणीत ८९ रुग्णालयांतले २० हजारांवर रुग्ण होते. लक्षणं सुरू झाल्यापासून रुग्णालय गाठेपर्यंतचा मध्यक वेळ होता ३६० मिनिटं, म्हणजे बरोबर सहा तास. निम्म्या रुग्णांना त्याहूनही उशीर झाला. मला या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत जिव्हारी लागणारी गोष्ट वाटते.

शिवाय सगळ्यांच्याच छातीत दुखतं असंही नाही. २००० साली अमेरिकेत सव्वाचार लाखांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा तिघांतल्या एकाला छातीत दुखलंच नव्हतं. त्यांत बायका, वयस्कर माणसं आणि मधुमेही जास्त होते. ते उशिरा पोहोचले आणि दगावलेही जास्त. बायकांमध्ये कधीकधी आठवडेन् आठवडे आधीपासून विलक्षण थकवा, झोप न लागणं, धाप लागणं सुरू होतं. ‘घरकामानेच दमली असेल’ म्हणून ते सोडून दिलं जातं.

हृदय जपण्याचा विचार अमेरिकेतल्या फ्रामिंगहॅम गावातून आला. तिथे १९४८ पासून ५,२०९ स्त्री-पुरुषांना दर दोन वर्षांनी तपासलं गेलं आणि रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान यांचा झटक्याशी असलेला संबंध पक्का होत गेला. पुढे ५२ देशांतल्या इंटरहार्ट अभ्यासाने दाखवलं की दक्षिण आशियात पहिला झटका मध्यक वय ५३ लाच येतो, इतरत्र ५९ च्या आसपास. तंबाखू नुसती चघळणाऱ्यांनाही दुपटीहून अधिक धोका असतो, हेही त्यातूनच पुढे आलं. बिडी-सिगारेट ओढत नाही म्हणून निर्धास्त राहून तंबाखू मळणाऱ्यांना हे सांगायलाच हवं.

गोव्यात २०१८ च्या अखेरीपासून लहान सरकारी रुग्णालयांत काढलेला ईसीजी दूर बसलेले तज्ज्ञ काही मिनिटांत वाचतात, गरज असल्यास गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथेच दिलं जातं आणि मग रुग्ण बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात, जातो. महाराष्ट्रातही याच धर्तीवर काम सुरू झालं आहे. पहिला ईसीजी नॉर्मल आला तरी शंका असेल तर तो पुन्हा काढतात, ट्रोपोनिनची, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणाऱ्या प्रथिनाची, रक्ततपासणी करतात. पण हे सगळं सुरू होतं ते कुणीतरी १०८ ला फोन लावल्यावर. स्वतः गाडी चालवत दवाखान्यात निघू नये. आणि दुखणं खरोखरच ॲसिडिटीचं निघालं, तर डॉक्टर तसं सांगून घरी पाठवतील.